हर्बल चहाचे सहा महिने, आणि तो दोरा

टी-बॅगच्या दोऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण सहा महिने रोज चार वेळा मी त्याच्याशी झुंजलोय. गरम पाणी ओतलं की कागदाची चिठ्ठी सुटते आणि दोरा सरळ कपात बुडी मारतो. मग चमच्याने मासेमारी. पूर्वी टी-बॅगला स्टेपलची पिन असायची. ती पोटात जाऊ नये म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बंद केली, योग्यच केलं. पण पिनेच्या जागी गाठ मारायची, तर या लोकांनी थेंबभर गोंद लावलाय. २५ पिशव्यांचे २४० रुपये घेता, आणि एक गाठ मारायला हात दुखतात?

बाकी चहा मला आवडला होता. दुधाचा चहा सोडला तो ॲसिडिटीमुळे. पहिला आठवडा कॅफीन सुटल्याने डोकं दुखलं, मग झोप सुधारली. चहाची पानंच नसल्याने रात्री नऊला कप घेतला तरी डोळे टक्क उघडे राहत नव्हते. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे साखर न घालता गोड! महिन्याला किलोभर साखर वाचली. तेव्हा हे लिहिलं असतं तर साडेचार तारे दिले असते, अर्धा दोऱ्याचा कापून.

सहाव्या महिन्यात पायांवर सूज आली. संध्याकाळी मोजे काढले की खोल वळ. गोळी रोज चालू असताना बीपी १४८/९२. डॉक्टरीणबाईंनी लोणचं, पापड, फरसाण सगळ्याची उलटतपासणी घेतली आणि शेवटी विचारलं, "चहा कुठला घेता?" मी छाती फुगवून सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ज्येष्ठमध आहे का त्यात?" रक्तात पोटॅशियम ३.२ निघालं. ३.५ च्या खाली जायला नको असतं.

प्रकार असा आहे. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. मूत्रपिंडात कॉर्टिसोल या हार्मोनला आवर घालणारं एक एन्झाइम असतं, ते त्याने थंडावतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसोल मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. माझ्या बीपीच्या गोळीतलं पाणी काढणारं औषधही पोटॅशियम घालवणारंच, म्हणजे गळती दोन्हीकडून. वर गंमत म्हणजे गोडवा त्याच ग्लायसिरायझिनचा, साखरेच्या तीसपटीहून जास्त. ज्याच्या जिवावर मी किलोभर साखर वाचवत होतो, तोच चोर! स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात रोज १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिक आम्लाने (ग्लायसिरायझिनचंच दुसरं नाव) धडधाकट तरुणांचंही वरचं बीपी सरासरी तीनने चढलं. मी तरुणही नाही.

आजी खोकल्याला ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची, पण तीन दिवस. खोकला गेला की काडी परत डब्यात. मी रोज चार कप, सहा महिने.

खोकं पुन्हा वाचलं. तुळशीनंतर दुसऱ्या नंबरवर ज्येष्ठमध. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे मामला चिमूटभराचा नाही. बीपीवाल्यांसाठी सूचना कुठेही नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' मात्र तीन ठिकाणी. कंपनीला तीन मेल केल्या. पहिल्या दोन गायब. तिसरीला उत्तर आलं: पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट. दोऱ्याबद्दल चकार शब्द नाही.

जाता जाता घरातली अजून एक गोष्ट. हिचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून जेवणावर काळा चहा बंद करून पुदिन्याचा सुरू केला होता. तोही जेवणातलं लोह जवळपास तितकंच अडवतो. आता कुठलाही चहा जेवणानंतर दीड-दोन तासांनी.

चहा बंद करून तीन आठवड्यांनी बीपी १३०/८२, पोटॅशियम जागेवर, मोज्यांचे वळ गायब. तुळशीवर माझा राग नाही. गॅलरीत कुंडीत गवती चहा लावलाय, दोन पाती आणि आल्याचा तुकडा उकळतो, खर्च जवळपास शून्य. गोड लागत नाही, म्हणून अर्धा चमचा साखर घालतो. किलोचा हिशेब बिघडला, बिघडू दे.

दोन तारे. खोक्यात ११ पिशव्या उरल्यात. ज्याला बीपी नाही आणि ज्याच्याकडे लांब दांड्याचा चमचा आहे, त्याने फुकट घेऊन जाव्यात.