सरळ पात्यांचे नेलकटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या पक्कडीच्या आकाराच्या नेलकटरची स्प्रिंग तुटली आणि मेन रोडवरच्या दुकानदाराने "स्प्रिंग सुटी मिळत नाही काका, नवीनच घ्या," असे सांगून 480 रुपयांची वस्तू एका वाक्यात भंगारात काढली, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या उजव्या अंगठ्याचे नख रुतले ते सातपूरच्या कारखान्यात दिवसभर घालाव्या लागणाऱ्या, पुढे लोखंडी टोपी असलेल्या अरुंद बुटांमुळे. त्यात नखाचे कोपरे गोल आणि खोल कापण्याची माझी जुनी सवय. कोपरा खोल कापला की बाजूचे मांस त्या मोकळ्या जागेवर चढते आणि वाढणारे नख त्यातच घुसते. आईने नखुरडे समजून अंगठ्याला लिंबू बसवले होते. ते किती झोंबले, हे सांगण्यात अर्थ नाही.

पहिले दोन महिने मी या कटरला नावे ठेवत होतो. चूक माझी होती. पात्याचे टोक कडेला खुपसून मी रुतलेला तुकडा काढत असे. चार दिवस बरे वाटे, आणि आत उरलेले कूस पुन्हा टोचू लागे. नंतर मी ते बंद केले. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून कोरडा करून, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवू लागलो आणि नख फक्त आडवे, सरळ कापू लागलो. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे कोपरा मांसाबाहेर यायला चार महिने गेले. मधल्या काळात एक नंबर मोठे, पुढे रुंद असलेले बूट मागून घेतले. सरळ पात्यांचा खरा उपयोग तेव्हा कळला. साध्या कटरचे वक्र पाते कोपरा आपोआप गोल करते.

मोठ्या बंधूंनी हेच कटर मागितले, तेव्हा मात्र दिले नाही. त्यांना मधुमेह आहे. पायाची संवेदना कमी झालेली असताना छोटी जखमही चिघळते, म्हणून त्यांना थेट डॉक्टरांकडे नेले.

राहता राहिली स्प्रिंग. टूलरूममधल्या सहकाऱ्याने पोलादी पट्टीचा तुकडा घासून, वाकवून ती बसवून दिली. खर्च दोन चहांचा. कटर आता पूर्वीपेक्षा जरा कडक उघडते, पण मी नवीन घेतलेले नाही आणि त्या दुकानातून तर घेणारच नाही.