सुटे छर्रे काढून सीलबंद बॉटम ब्रॅकेट : काही महिन्यांच्या वापरानंतर

सायकलच्या बॉटम ब्रॅकेटमधली, म्हणजे पेडलांचा एक्सल फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथली, कप (फ्रेमला आट्यांनी बसणाऱ्या वाट्या) आणि सुट्या छर्‍यांची जुनी जोडणी काढून चौकोनी एक्सलचं सीलबंद कार्ट्रिज बसवलं, त्याला आता काही महिने झाले. पाऊस, चिखल, धुणं सगळं सोसून एक्सल पहिल्यासारखा फिरतोय. खेळ (ढिलेपणा) नाही, आवाज नाही. जुन्या कपांची लॉकरिंग (कप जागेवर धरणारी कडी) एवढ्या काळात ढिली करून कप थोडा आत घ्यावाच लागला असता; इथे कार्ट्रिजला हात लावायची वेळ आलेली नाही. तरी असं कार्ट्रिज घेऊन पस्तावणारे भेटतात. बेअरिंगमुळे क्वचितच, बहुतेक जण मापात फसलेले असतात.

पहिलं माप शेलच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत हे सगळं बसतं तिच्या, रुंदीचं. दोन्ही कप काढून व्हर्नियरने मोजा, कडेच्या रंगाचा थर धरू नये. ६८ किंवा ७३ मिमी भरली तर बहुधा बीएसए मानकाचे आटे : १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजवीकडे उलटे. ७० भरली तर इटालियन : ३६ मिमी व्यास, दोन्हीकडे सरळ. शंका असेल तर आतला व्यास घ्या. बीएसएचा ३४ मिमीच्या जरा खाली येतो, इटालियनचा ३५ च्या जरा खाली. ७३ चं कार्ट्रिज ६८ च्या शेलमध्ये घातलं तर डावा कप पाच मिमी बाहेर राहतो आणि तेवढी आट्यांची पकड जाते. उलट केलं तर डावा कप पार आत शिरूनच कार्ट्रिजला टेकतो.

दुसरं माप एक्सलच्या लांबीचं, आणि खरी गंमत इथे आहे. ११०, ११३, ११८, १२२.५ अशा लांब्या मिळतात. जुना एक्सल टोकापासून टोकापर्यंत मोजून तेवढाच नवा घ्यावा असं वाटणं साहजिक आहे, पण सुट्या छर्‍यांच्या कित्येक एक्सलची उजवी बाजू डावीपेक्षा लांब असते. नवं कार्ट्रिज दोन्हीकडे सारखं असेल तर एकूण लांबी जुळूनही चेनरिंग (क्रँकपाशी चेन बसते ती दातेरी चकती) आत सरकते. म्हणून जुना भाग उतरवण्याआधी चेनलाइन मोजून ठेवा : सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) बाहेरच्या पृष्ठापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, अधिक ट्यूबचा अर्धा व्यास. रोड डबलला (रस्त्याची सायकल, दोन चेनरिंग) ४३.५ मिमी, रोड ट्रिपलला (तीन चेनरिंग) ४५, माउंटन ट्रिपलला ४७.५ किंवा ५० हे नेहमीचे आकडे. दोन्हीकडे सारख्या एक्सलची लांबी २ मिमी वाढली की चेनरिंग १ मिमी बाहेर जाते. एखाद मिमीचा फरक फ्रंट डिरेलरच्या (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) स्क्रूने जमवून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर लांबी बदललेली बरी.

एक्सलचा चौकोनही दोन तऱ्हेचा, जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक). उतार सारखाच, पण आयएसओचं टोक बारीक. जेआयएस क्रँक (पेडल लागतं तो दांडा) आयएसओ एक्सलवर चढवला तर सुमारे साडेचार मिमी जास्त आत जातो. कधी बोल्ट तळाला टेकतो आणि क्रँक ढिलाच राहतो. कॉटर पिनवाले (आडव्या खिळीने एक्सलला धरलेले) क्रँक असतील तर हा खटाटोप नुसत्या कार्ट्रिजवर भागत नाही, क्रँकही बदलावे लागतात.

काढताना सगळ्यात जास्त नुकसान क्रँकच्या आट्यांचं होतं. बोल्ट निघाला, पण त्याखालचा वायसर आतच राहिला, की पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) एक्सलऐवजी वायसरवर जोर देतो आणि क्रँकचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात. आत बोट घालून, उजेड पाडून बघा. पुलर हाताने शेवटपर्यंत चढला पाहिजे. अर्ध्यावर अडला तर आटे साफ करा, पान्याने रेटू नका.

कप कुठल्या दिशेला फिरवायचा यावर लोक फार गोंधळतात. बीएसएला एक सोपा हिशेब आहे : पान्याचा दांडा वर उभा धरा, मागच्या चाकाकडे ओढला की घट्ट, पुढच्या चाकाकडे ढकलला की ढिला. दोन्ही बाजूंना हेच. कपाच्या खाचा उथळ असतात, म्हणून २० खाचांचं टूल क्रँकच्याच बोल्टने आणि मोठ्या वायसरने एक्सलवर धरून ठेवा. नाहीतर ते निसटतं, खाचा घासतात आणि बोटं फुटतात. कप हलला की तो बोल्ट थोडा ढिला करत जायचं. गंजलेल्या कपाला आदल्या रात्री भेदक तेल द्या.

बसवताना शेलचे आटे रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करून भरपूर ग्रीस लावा. कार्ट्रिजच्या अंगालाही पातळ थर द्या. पुढे ते फ्रेमला चिकटून बसत नाही. मुख्य भाग उजवीकडून आत घाला, डावा कप दोनतीन फेरे सैल चढवा म्हणजे कार्ट्रिज मधोमध राहतं, मग उजवी बाजू हातानेच चढवत न्या. पहिल्याच फेर्‍यात जड लागलं तर आटे तिरके लागलेत. परत काढा. उजवीकडची कडा शेलला टेकली की ५० ते ७० न्यूटन मीटरने आवळा, मग डावा कप. तो प्लॅस्टिकचा असेल तर बनवणार्‍याने दिलेल्या आकड्यापुढे जाऊ नका. पर्याय असेल तर धातूचाच घ्यावा. डावा कप शेलच्या कडेपासून थोडा आत किंवा बाहेर थांबला तर बिघडत नाही, बहुतेकांना कडाच नसते.

नवं कार्ट्रिज हाताने फिरवलं तर जड वाटतं आणि जुना एक्सल भिरभिरायचा म्हणून काहींचा जीव खट्टू होतो. तो जडपणा सीलचा आणि घट्ट ग्रीसचा असतो. पेडल मारताना कळतही नाही.

क्रँकचे बोल्ट ३५ ते ५० न्यूटन मीटर. पहिल्या काही राइडनंतर एकदा तपासले की पुरे. दर आठवड्याला ‘जरासं’ आवळत राहिलं तर क्रँक चौकोनावर आणखी आणखी चढत जातो आणि शेवटी चिरतो. ढिल्या क्रँकवर चालवणं मात्र त्याहून वाईट. भोक गोल होतं आणि मग कितीही आवळा, क्रँक धरत नाही.

टकटक ऐकू आली की लोक लगेच ब्रॅकेटवर संशय घेतात. क्रँक फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून बघा. एकच हलला तर त्याचा बोल्ट. दोन्ही एकदम हलले तर बेअरिंग किंवा ढिला कप. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला तर सीटपोस्ट (सीटचा दांडा) बघा. पेडलचे आटे आणि चेनरिंगचे बोल्टही हेच नाटक करतात.

उणीव एकच, पण मोठी : कार्ट्रिज उघडत नाही. बेअरिंग गेलं की अख्खं टाकायचं. झिजण्याआधी ते बहुधा पाण्यानेच मरतं, आणि ते पाणी सीट ट्यूबमधून शेलमध्ये उतरतं. शेलच्या तळाला भोक असेल तर ते मोकळं ठेवा, सीटपोस्टला ग्रीस लावा, आणि प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नका.