‘हाय करतो बघा’ म्हणून विकलेला बिअर्डेड ड्रॅगन

मुलांना हात हलवून हाय करतो, छातीवर ठेवला की हलत पण नाही, डोकं कुरवाळलं की डोळे मिटून घेतो. एवढ्या तीन गोष्टी दाखवून आम्हाला बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरड्याची एक जात) विकला आणि गंमत म्हणजे तिन्ही गोष्टी तो खरंच करत होता. खोटं होतं ते त्यामागचं सांगितलेलं कारण. विकणाऱ्याला खरं कारण व्यवस्थित माहीत होतं असं माझं ठाम मत आहे, ज्याला माहीत नाही त्याला इतकं बेमालूम जमत नाही. सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकट्याला केसाळ प्राण्यांची अ‍ॅलर्जी, त्यामुळे कुत्रं मांजर बाद. बरंच वाचून बिअर्डेड ड्रॅगनवर आलो होतो कारण हा सरडा दिवसा जागा असतो, पूर्ण वाढला की शेपटीसकट साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर, नीट ठेवला तर दहा वर्षांच्या आसपास जगतो आणि सरड्यांमध्ये त्यातल्या त्यात माणसांना सरावणारा. प्रश्न लिहून नेले होते. वय काय, काय खातो, कुठल्या बल्बखाली ठेवलाय, आजारी होता का, सगळं विचारलं आणि प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. इतकं तयार की आता आठवलं की चीड येते.

आधी ते ‘हाय’. बिअर्डेड ड्रॅगन पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवतो, दिसायला अगदी हात हलवल्यासारखं दिसतं आणि मुलं जाम खूश होतात. आपल्यापेक्षा मोठा, दांडगा कुणी समोर आला की पिल्लं आणि दबलेले सरडे हे करतात, म्हणजे ‘मी लहान आहे, तुझ्या वाटेला जात नाही, मला सोड’. काचेवर चार चेहरे चिकटलेले बघून आमचा तो गयावया करत होता आणि तिकडे दुकानदार म्हणतोय, बघा ताई, तुमच्या मुलाला ओळखायला लागला. डोळे मिटणं पण तसंच, वरून हात आला की शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं आणि पळता येत नसेल तर ते डोळे मिटून घेतात. सरावलेला सरडा आरामात डोळे मिटत नाही असं नाही, पण अनोळखी माणसाच्या हातात पहिल्याच मिनिटाला मिटले तर तो आराम नसतो.

आणि ती शांतता. ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायच्या जागी साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागतं आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला २४ ते २८ ची सावली, म्हणजे त्याला हवं तसं इकडेतिकडे करता येतं. तेवढी ऊब नाही मिळाली तर पाय चालत नाहीत, खाल्लेलं पचत नाही, आणि तो बॅटरी उतरलेल्या खेळण्यासारखा जिथे ठेवाल तिथे पडून राहतो. तिथल्या टँकला मी हात लावला होता, काच गार होती. विचारलं तर म्हणे आत्ताच साफसफाई झाली, बल्ब आत्ता लावणार. अंगाचा रंगही काळपट होता, गारठलेले सरडे ऊब ओढून घ्यायला गडद होतात, पण आम्हाला सांगितलं की हा ‘डार्क लाइन’ आहे, मुद्दाम ब्रीड केलेला.

घरी आणल्यावर नवऱ्याने वेगळा आणलेला हॅलोजनचा बल्ब लावला, खाली थर्मामीटर ठेवला, चाळीसच्या आसपास आलं. थोड्या वेळात ‘माणसाळलेला’ प्राणी जागा झाला. गळ्याखालची दाढी काळी कुळकुळीत फुगवली, तोंड वासून फिस्स केलं आणि काचेवर धडका मारत सुटला. मुलं घाबरून सोफ्यावर. फोन केला तर पलीकडून लगेच, अहो बल्ब बंद ठेवा दोन-चार दिवस, होईल शांत. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. सरडा शांत करायचा उपाय म्हणून ज्याला बल्ब बंद करणं सुचतं त्याने आधीही तेच केलेलं असणार ना?

सरड्यापेक्षा जास्त पैसे गेले ते ‘फॅमिली किट’ मध्ये, आणि मला वाटतं खरा धंदा तिथेच आहे. किटमध्ये ४५ सेंटीमीटरचा काचेचा टँक (मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनला निदान १२० बाय ६० चा लागतो, आणि हे वर्ष-दीड वर्षात मोठे होतात), एक गरम होणारा दगड, ‘कॅल्शिअम सँड’ नावाची रंगीत वाळू आणि एक जांभळा बल्ब. दगडाचं म्हणाल तर हे सरडे डोक्यावरून ऊब घेणारे, पोटाखाली चटका बसतोय हे त्यांना लवकर कळत नाही आणि पोट भाजतं. वाळू किड्यांबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं, पिल्लांना तर नकोच. हे दोन्ही आम्ही सुरुवातीलाच काढून टाकलं. बल्ब मात्र ठेवला कारण त्यावर ठळक ‘यूव्ही’ लिहिलं होतं.

तर हा बल्ब. सरड्याला लागतो तो यूव्हीबी, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा प्रकाश, त्यानेच कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार होतं आणि डी३ असेल तरच खाल्लेलं कॅल्शिअम पोटातून रक्तात जातं. यूव्हीबी डोळ्याला दिसत नाही. जांभळा रंग दिसतो म्हणजे यूव्ही येतंय हा समज पसरवून साधे रंगीत बल्ब खपवले जातात. आमचा दुकानदार तर म्हणाला, हा असला की कॅल्शिअम पावडर पण लागत नाही. ती आम्ही तरी देतच होतो, किड्यांना चोळून. आठवड्याला दोनदा कोथिंबिरीसारखी कसलीही पानं टाका, किडे कशाला, हा त्याचा दुसरा सल्ला. वाढत्या पिल्लाला रोज किडे लागतात, पानांवर भर येतो तो मोठेपणी.

एक दिवस बोटं थरथरायला लागली. मागच्या पायाची, झोपेत सुद्धा. दुकानदाराला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, लाडात आलाय. सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणारा व्हेट शोधायला वेळ लागला कारण कुत्र्यामांजरांचे बरेचसे डॉक्टर ह्यांना हात लावत नाहीत. डॉक्टरांनी खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला, तो वाकला. हाड होतं ते. एक्स-रेमध्ये हाडं आणि मांस जवळजवळ एकाच रंगाचं, मांडीचं हाड वाकलेलं, आणि पुढच्या पायात एक जुनं मोडलेलं हाड, वाकडंच जुळून आलेलं. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शिअम न मिळाल्याने हाडं मऊ पडण्याचा आजार. मग त्यांनी आमचा जांभळा बल्ब मागवला, मीटर खाली धरला, यूव्ही इंडेक्स (यूव्हीचा जोर सांगणारा आकडा) शून्य. बिअर्डेड ड्रॅगनला बसायच्या जागी ३ च्या वर हवा.

ते जुळून आलेलं हाड महत्त्वाचं आहे. दुकानदाराचं म्हणणं होतं की तुम्ही नीट ठेवलं नाही, आमच्याकडून गेला तेव्हा ठणठणीत होता. पण इतकं जुनं फ्रॅक्चर आमच्याकडे असतानाच्या काळातलं असूच शकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद पाठवल्यावर आधी म्हणाला एक्स-रे दुसऱ्याच सरड्याचा आहे, मग म्हणाला गॅरंटी फक्त रस्त्यात मेला तर, मग ब्लॉक. पैसे गेले ते गेलेच. म्हणून पहिल्या काही दिवसांतच व्हेटकडे नेऊन एक्स-रे आणि विष्ठेची तपासणी करून घ्या, तारखेसकट, सरडा धडधाकट दिसत असला तरी. नंतर केलं की समोरचा म्हणणार तुमच्याकडेच झालं.

मध्यंतरी दुकानदाराने आम्हाला दुसरा पण खपवायचा प्रयत्न केला होता. एकटा बोअर होतो, जोडी घ्या, बघा कसे एकमेकांच्या अंगावर मिठी मारून झोपतात. तर हे सरडे एकटे राहणारे, एक दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतो तो वरची ऊब आणि जागा बळकावायला. त्याच्या टँकमधल्या एकाची शेपटी टोकाला तुटलेली होती, म्हणे येते परत. पालीची येते हो! बिअर्डेड ड्रॅगनची गेली की गेली. बोटाचं पण तेच, त्यामुळे बोटं मोजून घ्या, हसू नका, खरंच मोजा.

‘डायरेक्ट ऑस्ट्रेलियाहून आणलेला’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. ऑस्ट्रेलिया आपले जंगली सरडे जिवंत व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, बाहेरच्या देशांत कायदेशीर विकले जाणारे बिअर्डेड ड्रॅगन बाहेर पैदास झालेलेच असतात. म्हणजे एकतर तो खोटं बोलतोय किंवा चोरीचा माल विकतोय. रंगांच्या नावावर पण असंच चालतं. ओळखीतल्या एकीला ‘लेमन फ्रॉस्ट’ रंगाचा लेपर्ड गेको (पालीची एक जात) रेअर म्हणून गळ्यात मारत होते. ह्या रंगाच्या गेकोंमध्ये त्याच जीनमुळे कातडीच्या गाठी होतात, बहुतेकांना, २०२१ साली त्यावर संशोधन छापून आलंय. रेअर कसला, आजारपण विकत घ्यायचं.

सॅल्मोनेलाचं तर कुणी नावच काढत नाही. ‘कुत्र्यापेक्षा स्वच्छ, पापी घेतली तरी चालेल’ असं आमच्या धाकट्यासमोर सांगितलं गेलंय. निरोगी सरड्याच्या पोटातही हे जंतू असू शकतात, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरडा ठेवूच नका असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आमची मुलं मोठी आहेत, तरी हात साबणाने धुणं आणि त्याची भांडी किचनच्या सिंकपासून लांब ठेवणं हे आता घरात कायद्यासारखं आहे.

घ्यायचाच असेल तर बल्ब चालू असताना आणि सरडा ऊन खाऊन झाल्यावर बघा, थर्मामीटर स्वतःचा न्या. गरम झालेला, डोळे सताड उघडे ठेवून इकडेतिकडे बघणारा, चालताना पोट जमिनीवरून उचलणारा सरडा चांगला, भले तो तुमच्या हातातून निसटायला बघू दे. सरावायला नंतर वेळ असतो. तुमच्यासमोर किडा टाकायला सांगा, झडप घालतो का ते बघा. व्हिडिओवर पसंत करत असाल तर लाइव्ह कॉल करा आणि पोटाखालची बाजू दाखवायला लावा, आम्हाला आधी पाठवलेल्या व्हिडिओतल्या सरड्याच्या पाठीवरचे पट्टे आणि आमच्याचे पट्टे जुळत नाहीत हे नंतर लक्षात आलं. तोच व्हिडिओ त्याच्या जाहिरातीत अजून फिरतोय.

आमचा आता बरा आहे. थरथर थांबली, जबडा घट्ट झाला, पुढचा पाय वाकडाच राहणार. नवीन टी५ ट्यूब (यूव्हीबी देणारी बारीक ट्यूबलाइट) लावलीये. ज्यांच्या घरी आत्ता जांभळा किंवा निळा बल्ब जळतोय त्यांनी खोका काढून बघा, त्यावर यूव्हीबीचा टक्का छापलेला नसेल तर तो बदला, आणि ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवली असेल तर आत घ्या, काच यूव्हीबी अडवते. चांगल्या ट्यूबचं यूव्हीबी पण सहा महिने ते वर्षभरात उतरतं, उजेड तेवढाच दिसत राहतो, म्हणून लावल्याची तारीख मार्करने ट्यूबच्या टोकावरच लिहून ठेवा.