डर्ट बाईकचा फोम एअर फिल्टर: माल चांगला, पण येतो कोरडा ठाक

साडेतीन स्टार देतोय. अर्धा फिल्टर आवळायच्या क्लिपसाठी कापला आणि एक अख्खा कापला, कारण पाकिटात वापरायचा कसा याची साधी चिठ्ठीपण नाही.

कशाला घेतला ते आधी सांगतो. पोराकडं 125 सीसीची छोटी डर्ट बाईक आहे, पासिंग होत नाही त्यामुळं रोडवर काढायचा प्रश्नच नाही, छोट्या हत्तीत टाकायची आणि कुंभारीकडं आमच्या रानात न्यायची. ज्वारी निघाली की वावर मोकळंच असतंय. आता आपली काळी माती पावसात चाकाला किलोकिलोनं चिकटते आणि एप्रिलमध्ये तीच पिठासारखी उडते, वर भुसकट वेगळंच. जुन्या फिल्टरचा फोम बोटानं दाबला तर बिस्किटासारखा चुरा हातात आला. बदलायचाच होता. सोलापुरात दोन-तीन दुकानं फिरलो, सगळ्यांनी स्प्लेंडरचा फिल्टर पुढं केला, शेवटी ऑनलाइन मागवला, साडेचारशेला पडला.

जुना एवढ्या लवकर का गेला तेपण ऐका. एका गॅरेजवाल्यानं तो दोनदा पेट्रोलमध्ये बुचकळला, वर हवा मारली आणि तसाच कोरडा बसवला. मी विचारलं तेल लावायचं असतंय ना, तर म्हणाला, "कशाला मालक, तेलाला उलट धूळ चिकटती की." अहो धूळ चिकटावी म्हणूनच तर तेल असतंय! फोमची भोकं मोठी असतात, कोरडा फोम भुसकट अडवतो पण बारीक धूळ सरळ आत जाते, कार्बोरेटरमधून (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) सिलेंडरला, आणि तिथं पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपर मारल्यासारखं घासते. आमच्या गाडीचं तेच झालं, किक मारताना पायाला दाबच लागेना, रिंगा बदलाव्या लागल्या. त्या खर्चात असले पाच-सहा फिल्टर आले असते. आणि पेट्रोलनं फोमचा जोड चिकटवलेला डिंक सुटतो, ते वेगळंच.

आता हा नवीन फिल्टर. दोन थर आहेत, बाहेरचा जाड भोकांचा, आतला बारीक, दोन्ही वेगळे निघतात त्यामुळं धुवायला बरं. रबराचं तोंड 38 एमएम. मागवायच्या आधी कार्बोरेटरचं तोंड व्हर्नियरनं मोजा, अंदाजानं घेऊ नका, 35 आणि 42 चे पण मिळतात आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात. शिवाय सरळ मानेचा आणि वाकड्या मानेचा असे दोन प्रकार येतात, मी पहिल्यांदा सरळ मागवला तो मागच्या शॉकअपला टेकला, परत पाठवला, वाकडा आला तो फिरवून नीट बसला. सोबतची क्लिप मात्र एकदम फालतू, तिसऱ्यांदा आवळताना आटे गेले, हार्डवेअरमधून वीस रुपयाची होज क्लिप आणून लावली. क्लिप ढिली असली तर फिल्टर कितीपण भारी असू दे, हवा फटीतूनच ओढली जाणार.

तेल सोबत येत नाही आणि तेलाचा उल्लेखपण कुठं नाही. नवीन घेणारा माणूस तसाच बसवून मोकळा होणार की! फोम फिल्टरचं तेल वेगळं मिळतं, चिकट असतं. गाडीचं इंजिन ऑइल मी एकदा अडचणीला वापरलं, चालत नाही असं नाही, पण दोन दिवसात सगळं खाली उतरून बूड ओलं आणि वरचा भाग कोरडा. कॉटनच्या फिल्टरचं तेल पण यात घालू नका, ते पातळ असतं. लावायची पद्धत सोपी आहे, प्लास्टिकच्या पिशवीत फोम घालायचा, तेल टाकायचं आणि बाहेरून मळायचं. सगळीकडं सारखा रंग आला की जास्तीचं दाबून काढायचं. तेल गळत असलं तर हवा कोंडते, गाडी काळा धूर टाकते आणि प्लग काळा होतो. हे पण करून बघितलंय.

दोन महिन्यात चारदा धुतला. रॉकेल आता मिळतंय कुठं, थोड्या डिझेलमध्ये जुनं तेल सोडवलं, मग भांड्याच्या लिक्विडनं कोमट पाण्यात. पिळायचा नाही, नुसता दाबायचा. सावलीत वाळवायचा, आपल्याकडचं 42-43 चं ऊन फोमला खातं. इतकं करून जोड अजून एका ठिकाणीपण सुटलेला नाही, म्हणून स्टार साडेतीन, नाहीतर दोनच दिले असते.

फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात फडकं कोंबायला विसरू नका, आणि इथं एक गंमत, मी आधी सोलापुरी टॉवेलचा तुकडा घेतला, गावचा माल म्हणून मोठ्या अभिमानानं, तर त्याचे तंतू तोंडाला चिकटून बसले. तेव्हापासून वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा वापरतो. तोच तुकडा फिल्टरच्या मानेत आतून फिरवून बघतो. पांढरा निघाला तर फिल्टर काम करतोय. पहिल्या वेळी थोडी माती आली होती, क्लिप बदलल्यावर आणि रबराच्या कडेला ग्रीसचा बारीक हात फिरवल्यावर पुढच्या तीनही वेळी स्वच्छ निघाला.

मी अजून एक मागवलाय, म्हणजे एक वाळत असला तरी दुसरा लावून रविवारी पोराला रानात नेता येतं. यावेळी क्लिप काढूनच ठेवली, पाकीट फोडल्या फोडल्या.