रत्नागिरीत स्टॅटचा क्लास लावला त्याचा रिव्ह्यू, आणि आईच्या जिभेची परीक्षा

क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर केलीय आणि सर मला दर दोन दिवसांनी बाजारात भेटतात. रत्नागिरीतले लोक वर्णनावरून ओळखतीलच, तो त्यांचा प्रश्न.

आधी माझी कुंडली. वय ३६, मासळी फ्रीझ करणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटीला नोकरी, डिस्टन्सने एमबीए चाललंय आणि बिझनेस स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा दांडी उडालेली. बारावीनंतर गणिताशी संबंध म्हणजे किलो आणि टक्के, बास. यूट्यूबवर बघून झालं, समोरचा बोलतो तोपर्यंत सगळं कळतं आणि आपण पेन हातात घेतलं की पान कोरं. म्हणून मार्चमध्ये क्लास लावला. तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात, फी साडेचार हजार दोन हप्त्यांत. बॅचमध्ये बीएस्सीची पोरं, दोन बँकवाले, एक शाळेतल्या मॅडम आणि मी.

पहिल्या दिवशी सरांनी फॉर्म्युला लिहिलाच नाही. म्हणाले गणपतीत पत्ते कोण कोण खेळतं? सगळे हात वर, मॅडमचा पण. मग तीन पत्ती घेतली. ५२ पत्त्यांतून ३ उचलायचे म्हणजे २२,१०० प्रकार. त्यात ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) किती, तर १३ गुणिले ४, म्हणजे ५२. प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे ओळीतले तीन पत्ते) किती, तर एका रंगात एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२, आणि रंग ४, म्हणजे ४८. आता बघा, दुर्मिळ कोण? प्युअर सिक्वेन्स! पण आपल्याकडे ट्रेल वरचा मानतात. इतकी वर्षं आरत्या झाल्यावर रात्र-रात्र बसून खेळलो, पैसे घालवले, आणि हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी मला वाटलं फी वसूल, पुढचं सगळं बोनस.

प्रोबॅबिलिटीची गणितं त्यांनी अशीच घरची घेतली. डझनाच्या पेटीत ३ आंब्यांना साका आहे (बाहेरच्यांसाठी: साका म्हणजे हापूस बाहेरून मस्त दिसतो पण कापला की आत गर पांढरट, भुसभुशीत), न बघता २ काढले तर निदान एक साक्याचा निघण्याची शक्यता किती? मी लगेच ३/१२ अधिक ३/११ करून मोकळा. सर म्हणाले, असंच बेरीज करत गेलात तर चार आंबे काढेपर्यंतच शक्यता एकच्या वर जाईल, चालेल का? मग उलटं करायला लावलं, दोन्ही चांगले निघायची शक्यता ९/१२ गुणिले ८/११, म्हणजे ०.५४५, ती १ मधून वजा केली की ०.४५५. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा पाहुण्यांसमोर नाचक्की. "निदान एक" दिसलं की "एकही नाही" काढून वजा करायचं हे तेव्हापासून हाताला बसलंय.

खरी भीती हायपोथेसिस टेस्टिंगची (म्हणजे एखादा दावा सॅम्पलच्या आकड्यांवर तपासून बघायचा) होती आणि तिथे सरांना पैकीच्या पैकी मार्क देतो. त्यांची एक सक्ती आहे, प्रश्न वाचला की आधी वहीत साध्या मराठीत दोन ओळी लिहायच्या, "काहीच वेगळं घडत नाहीये असं धरलं तर काय" आणि "मला शंका कशाची आहे". हे लिहिल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावला तर ओरडतात, बँकवाल्यांनाही. पहिल्या आठवड्यात मला हा पोरखेळ वाटला होता. पण वन टेल की टू टेल हा जो घोळ मी दोन परीक्षांत घातला तो त्या दुसऱ्या ओळीनेच सुटला, शंका "कमी आहे का" अशी असेल तर एक शेपूट, "वेगळं आहे का" अशी असेल तर दोन.

परत साक्याचं उदाहरण. विकणारा म्हणतो माझ्या मालात साका १० टक्केच. तुम्ही २० आंबे कापले, अपेक्षा २ ची, निघाले ४. खोटारडा म्हणायचं? विकणारा खरं बोलतोय असं धरलं तरी २० मध्ये ४ किंवा जास्त निघायची शक्यता ०.१३३ येते, म्हणजे गप्प बसा. ५ निघाले तर ०.०४३, आता ५ टक्क्यांच्या लेव्हलला (शक्यता याच्या खाली गेली तर निव्वळ योगायोग मानायचं नाही ती रेषा) भांडायला जागा आहे, पण १ टक्का ठरवली असेल तर तरीही नाही. आणि लेव्हल आंबे कापायच्या आधी ठरवायची, कापल्यावर सोयीने नाही. एका आंब्याने निकाल फिरतो हे बघून मला कंपनीतले आमचे सॅम्पलिंगचे वाद आठवले आणि जरा घामच फुटला.

टी टेस्टला माझी वही लाल झाली. कोळंबीची १ किलोची पाकिटं, ९ तपासली, सरासरी ९९२ ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती पसरलीत) १२, वजन वेगळं आहे का सांगा. मी ऐटीत -८ भागिले ४ (१२ भागिले ९ चं वर्गमूळ) करून -२ काढलं, झेड टेबलातल्या ५ टक्क्यांच्या १.९६ च्या पलीकडे, म्हणजे "वजन बरोबर आहे" हे रिजेक्ट. चूक! एसडी त्या ९ पाकिटांवरूनच काढलाय, म्हणून टी लावायचं, डिग्री ऑफ फ्रीडम (पाकिटांपेक्षा एक कमी) ८, टीच्या टेबलात २.३०६, रिजेक्ट होत नाही. मग सरांनी गोसेटची गोष्ट सांगितली, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला माणूस, लहान सॅम्पलची हीच अडचण, १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला म्हणून स्टुडंट्स टी. मी इतके दिवस समजत होतो विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली टेस्ट म्हणून स्टुडंट 😅

आता आईचं प्रकरण. सरांनी संख्याशास्त्रज्ञ फिशरचा चहाचा प्रयोग सांगितला, एक बाई म्हणाल्या कपात दूध आधी घातलं की चहा आधी हे मी चवीवरून ओळखते, तर ८ कप करून ४-४ असे मिसळून दिले. आमच्या घरात असाच दावा वर्षानुवर्षं चालू आहे, आई म्हणते डोळे मिटून देवगड आणि आपल्या पावसचा हापूस वेगळा सांगेन. मावशीने देवगडजवळच्या जामसंड्याहून पेटी पाठवलेलीच होती. मी ८ फोडी केल्या, ४ देवगड, ४ घरच्या, सालं काढून, सारख्या पिकलेल्या, चिठ्ठ्या टाकून क्रम लावला, आणि ताटं नेऊन द्यायला पुतणीला ठेवलं जेणेकरून माझ्या तोंडावरून आईला काही कळू नये. आई ओटीवर, शेजारच्या काकी साक्षीला.

चार देवगड ओळखायचे त्यातले तीन बरोबर, एक चुकला. काकींनी टाळ्या वाजवल्या. मी वही काढली. ८ मधून ४ निवडायचे ७० प्रकार, चारही बरोबर १, तीन बरोबर १६, म्हणजे निव्वळ अंदाजाने इतकं किंवा याहून चांगलं जमायची शक्यता १७/७०, साधारण ०.२४. म्हटलं, आई, सिद्ध नाही झालं. तर म्हणे, "चाळीस वर्षं आंबे उतरवून घेतले ते उगाच काय रे? ती फोड कुठल्या आंब्याची होती बघ, साका होता त्यात!" आणि गंमत म्हणजे खरंच होता थोडा.

सरांना सांगितलं तर त्यांनी माझंच वाक्य खोडलं. "आईंना ओळखता येत नाही" असं लिहायचं नाही, "ओळखता येतं म्हणायला पुरावा पुरला नाही" असं लिहायचं. वर म्हणाले तुमचा प्रयोगच कंजूष, ८ फोडींत चारही बरोबर आले तरच ०.०५ च्या खाली जातं, एका चुकीलाही माफी नाही. १२ फोडी घ्या, ६-६, तिथे ९२४ प्रकार, एक चुकून पाच बरोबर आले तरी ३७/९२४, म्हणजे ०.०४. पॉवर (म्हणजे फरक खरंच असेल तर तो प्रयोगात पकडला जायची शक्यता) हा शब्द पुस्तकात चारदा वाचून डोक्यावरून गेला होता, तो असा फळीवर बसून समजला.

आता कुरकुर. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. झेड टेबलचं पान उजवीकडून कापलं गेलंय, ०.०५ नंतरचे कॉलमच नाहीत, म्हणजे १.९ च्या रांगेत ०.०६ खाली जो ०.९७५० बघायचा, नेमका तोच गायब! पहिल्या दिवसापासून सांगतोय, "हो करतो" चाललंय. काय-स्क्वेअर (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्या ताडून बघायची टेस्ट) दीड लेक्चरमध्ये उरकला, अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर गट एकत्र करायचे हे शेवटच्या पाच मिनिटांत, लोक बॅगा भरत असताना. बेजचं प्रमेय (नवी माहिती मिळाल्यावर शक्यता कशी बदलते ते) तसंच, एक गणित आणि पुढे. त्यात मे महिन्यात लाइट जाते, इन्व्हर्टर फक्त सरांच्या डोक्यावरच्या पंख्याला. सात म्हणत सव्वासातला सोडतात, पावसकडच्या एसटीवाल्यांनी आधी विचारून घ्या, मी बाइकवाला म्हणून निभावलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंका विचारली तर उत्तर येतं, पण त्याआधी गुड मॉर्निंगची पंधरा फुलं सरकवावी लागतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. ज्यांना फक्त परीक्षेपुरते गणितांचे ठरावीक प्रकार करून हवेत त्यांना इथे राग येईल, कारण सर एका गणितावर अर्धा तास बसतात. ज्यांचा माझ्यासारखा पायाच कच्चा आहे त्यांनी बिनधास्त लावा. पुढची बॅच गणपतीनंतर, झेड टेबल स्वतःचं न्या.

माझा पेपर जूनमध्ये झाला, ५८ मिळाले. १२ फोडींचा प्रयोग राहिलाय, पाऊस लागला आणि हापूस संपला. आईने मावशीला आत्ताच फोन करून ठेवलाय, पुढच्या वर्षी पेटी नीट बघून पाठव म्हणून.