हेदवीची बामणघळ की कशेळीचा हत्ती: अर्ध्या दिवसाच्या गाडीचा हिशेब

गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाकडे देवदर्शन आणि समुद्रस्नान आटोपल्यावर बहुधा एकच अर्धा दिवस मोकळा उरतो. त्या वेळात गाडी करून खडकातले काही पाहायचे असेल, तर दोन नावे हटकून सुचवली जातात. एक गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ आणि दुसरे राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावरचे, म्हणजे सपाट खडकाळ माळावरचे, हत्तीचे कातळशिल्प, ज्याला जोडून देवघळीचा किनाराही पाहता येतो. बहुतेक जण ही निवड अंतरावरून करतात. हेदवी गुहागरहून सुमारे २४ किलोमीटर आणि कशेळी रत्नागिरीहून सुमारे ३५ किलोमीटर असल्यामुळे जे जवळ पडेल ते पाहिले जाते. माझ्या मते या दोन ठिकाणांच्या बाबतीत किलोमीटरला दुय्यम महत्त्व असून निवड घड्याळावरून, किंबहुना पंचांगावरून करायला हवी.

हेदवीच्या उमामहेश्वर मंदिरापर्यंत गाडी जाते आणि तिथून किनाऱ्याच्या खडकांवरून थोडे चालत गेले की ही घळ येते. काळ्या कातळाला समुद्राकडून पडलेली ही एक अरुंद, उभी चीर आहे. खडकातल्या मूळ भेगेत लाटा वर्षानुवर्षे आपटत राहिल्या, भेग रुंदावत गेली आणि आतल्या टोकाला तिची वाट बंद राहिली. त्यामुळे भरतीच्या वेळी आत घुसलेल्या पाण्याला मागे-पुढे कुठेच जागा उरत नाही आणि ते सरळ वर उसळते. काठावर उभे राहिले की आधी घळ श्वास आत ओढल्यासारखा आवाज करते, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि त्यानंतर पायाखालच्या दगडात दणका जाणवून दोन पुरुष उंच पाणी अंगावर यावे तसे वर येते. नावामागे कोणी ब्राह्मण या घळीत पडल्याची कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शेवाळलेल्या कडेवर उभे राहिल्यावर तिचा विसर पडत नाही.

हे सारे भरतीला घडते. ओहोटीच्या वेळी तीच घळ म्हणजे तळाशी थोडे पाणी चुळबुळत असलेली एक ओली फट असते. म्हणून गाडी ठरवण्याआधी तिथी पाहावी. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती भरते. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे हा हिशेब जमतो. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो खरा, पण गाडी कधी बोलवायची हे ठरवायला तेवढा पुरतो. त्यातून आणखी एक गोष्ट निघते, जी सहसा कोणी सांगत नाही. उधाणाची, म्हणजे सर्वांत जोराची भरती पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येत असल्याने ती आपल्या किनाऱ्यावर नेहमी दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्रीच भरते. बामणघळीचे उत्तम रूप सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा सूर्यास्ताला पाहायला मिळेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. अष्टमीच्या सुमारास भरती सहाला भरते, परंतु ती भांगाची असते आणि तिच्यात तो जोर नसतो.

मी हे अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी संकष्टीच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन आम्ही गुहागरहून गाडी केली, हेदवीच्याच दशभुजा गणपतीचे दर्शन घेतले आणि नऊच्या सुमारास घळीपाशी पोहोचलो. चतुर्थीची पूर्ण भरती तीनला असते, त्यामुळे नऊ ही नेमकी तळाच्या ओहोटीची वेळ होती. चालकाला ते ठाऊक असावे, पण आम्ही विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नाही. कालवांच्या कपच्यांवर एका पाहुण्याचा तळवा कापला गेला, एवढेच त्या फेरीत हाती लागले.

कशेळीचा हिशेब याच्या उलट आहे. तिथला खडक काळा कातळ नव्हे, तर जांभा आहे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने मूळ काळा खडक झिजून त्यातले लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे अंश मागे राहिले की जांभ्याचे हे सपाट, तांबूस सडे तयार होतात. या सड्यांवर अश्मयुगीन माणसांनी कोरलेली चित्रे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकभरात मोठ्या संख्येने शोधून काढली. त्यांपैकी निवडक नऊ ठिकाणांचा, ज्यांत कशेळीही आहे, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. कशेळीचा हत्ती या सर्वांत भव्य असून त्याची लांबी सुमारे १८ मीटर आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या पोटात डझनावारी लहान-मोठे प्राणी आणि मासे कोरलेले आहेत.

मात्र एवढे मोठे चित्र जमिनीवरून एका नजरेत मावत नाही, आणि भर दुपारी तर ते दिसतच नाही. डोक्यावरच्या उन्हात सडा सगळीकडे सारखाच तांबडा दिसतो व कोरलेली रेघ त्यात विरून जाते. तीच रेघ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतरच्या तिरप्या उन्हात सावली धरते. आमच्याबरोबर आलेल्या गावातल्या गृहस्थांनी हातातल्या हिराच्या केरसुणीने एका खाचेतली धूळ आणि वाळके गवत झटकले, तेव्हा मी इतका वेळ जिथे उभा होतो तो हत्तीचा पाय होता हे मला समजले. असा वाटाड्या मिळाला नाही तर कशेळीची फेरी निम्मी वाया जाते, म्हणून गाडी ठरवताना गावातल्या माणसाची सोयही आधीच लावून घ्यावी. ज्यांना चालणे जमत नाही आणि चित्र एका नजरेत पाहायचे आहे, त्यांनी कशेळीऐवजी रत्नागिरी तालुक्यातील उक्षीचा हत्ती पाहावा. तो बराच लहान आहे, परंतु त्याभोवती गोलाकार कट्टा बांधलेला असल्यामुळे वृद्धांनाही तो नीट दिसतो.

कशेळीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा असा, की तिथे एकच गोष्ट पाहून परतावे लागत नाही. कनकादित्याचे सूर्यमंदिर गावातच आहे, आणि कड्यांच्या मधोमध दडलेला देवघळीचा छोटा किनारा जवळच आहे. तिथल्या गुहेत कनकादित्याची मूर्ती सापडल्याचे सांगतात. वाटेत पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर लागते. हेदवीच्या वाटेवर वेळणेश्वराचे देऊळ आणि त्याचा किनारा आहे, पण घळीची वेळ साधायची असेल तर तिथे रेंगाळण्याची मुभा भरती देत नाही.

आता गाडीविषयी. हेदवीसाठी आपण खरे तर थांबण्याचे पैसे देतो. भरतीच्या आधी तासभर पोहोचून नंतर अर्धा तास थांबायचे असल्याने भाडे जाऊन-येऊन किती आणि वेटिंग किती हे दोन्ही निघण्याआधी ठरवावे. गुहागरहून रिक्षाही मिळते व ती स्वस्त पडते, परंतु वळणावळणांचा रस्ता पाहता लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर चारचाकीच बरी. एसटीने हेदवीला पोहोचता येते, पण एसटी भरतीसाठी थांबत नाही आणि परतीची गाडी चुकली की पूर्ण संध्याकाळ स्टँडवर जाते. रत्नागिरीहून हेदवी करायची झाल्यास जयगडहून फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरता येते व मोठा वळसा वाचतो. तेव्हा बोटीचे तिकीट कोणी काढायचे हे आधी स्पष्ट करावे आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्यावी. कशेळीला वेटिंग कमी लागते, मात्र सड्याकडचा फाटा माहीत असलेला चालक हवा. मोबाईलवरून बोलावायच्या टॅक्सीवर दोन्हीकडे भिस्त ठेवू नये. मुक्कामाच्या घरातूनच ओळखीची गाडी सांगावी.

पावसाळ्यात दोन्ही टाळलेली बरी. सड्यावर गवत आणि पाणी साचून चित्रे झाकली जातात, आणि घळीच्या कडेला उभे राहण्याचे धाडस तर जून ते ऑगस्ट कोणीच करू नये.

हातात अर्धाच दिवस असेल आणि तिथी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस आगेमागे असेल, तर मी बेधडक हेदवी सुचवीन. सकाळी सावकाश निघावे, घळ पाहावी आणि उशिरा जेवावे. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान आलेल्याने घळीचा नाद सोडून चारपर्यंत कशेळी गाठावी. संकष्टीला दर्शनासाठी येणाऱ्यांनी आमच्यासारखे सकाळी धावत न जाता दीडच्या सुमारास गुहागर सोडावे, तीनला घळ आणि मग गणपती असा क्रम ठेवावा. फक्त चालकाचाही उपवास आहे का, हे विचारून घ्यावे, म्हणजे चंद्रोदयाच्या आत त्याला घरी सोडण्याचे भान राहते.