बीएमपी२८० सेन्सर : मॉडेल रॉकेटच्या उंचीमापकासाठी घ्यावा का?

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत बीएमपी२८० सेन्सरचे छोटे मॉड्यूल दीडशे रुपयांच्या आसपास मिळते, आणि मॉडेल रॉकेट किती उंच गेले हे घरी जुळवलेल्या उपकरणाने मोजायचे असेल तर या किमतीत याहून चांगला पर्याय मला दिसत नाही. बॉशची ही चिप ३०० ते ११०० हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) हवेचा दाब मोजते; उंच जावे तसा दाब उतरतो, म्हणून त्यावरून उंची काढता येते. तिची सापेक्ष अचूकता, म्हणजे दोन वाचनांतील फरकाची अचूकता, ±०.१२ हेक्टोपास्कल, म्हणजे उंचीच्या हिशेबात सुमारे एक मीटर आहे; निरपेक्ष अचूकता मात्र ±१ हेक्टोपास्कलच असल्यामुळे समुद्रसपाटीपासूनची उंची तिला विचारू नये. उड्डाणाच्या जरा आधी, मैदानातच शून्य ठरवावे. ते सकाळी घरून ठरवून नेण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान हवेचा दाब एरवीही दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो आणि नाशिकच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर.

माझी खरी तक्रार चिपपेक्षा दाबावरून उंची काढायला तिच्यासोबत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्राबद्दल आहे. ते प्रमाण वातावरण गृहीत धरते : समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, म्हणून आपल्या सहाशे मीटरवर साधारण ११ अंश. नाशिकच्या मे महिन्यातील दुपारी ३८ अंश तापमान असते. तापलेली हवा विरळ असल्याने दाब तेवढाच उतरण्यासाठी रॉकेटला अधिक उंच जावे लागते, आणि खरोखर २०० मीटर गाठलेले रॉकेट १८३ च्या आसपास नोंदले जाते. स्पर्धेत सतरा मीटर ही काही किरकोळ रक्कम नव्हे! दुरुस्ती सोपी आहे : आलेल्या उंचीला हवेच्या केल्विनमधील तापमानाने गुणून २८४ ने (म्हणजे सूत्राने धरलेल्या ११ अंशांच्या केल्विन आकड्याने) भागावे. तापमान सावलीतील तापमापीचे घ्यावे, कारण चिप सांगते ते उन्हात तापलेल्या नळीच्या आतले असते.

वाचनांतील थरथर कमी करणाऱ्या, चिपमधीलच फिल्टरचा गुणांक १६ ठेवला की टेबलावर आकडे सुरेख स्थिर दिसतात. पण दाबातील अचानक बदलाचा पाऊण भाग दाखवायला त्याला २२ वाचने लागतात. सेकंदाला २६ वाचने धरली तरी त्यात पाऊण सेकंदाहून अधिक वेळ जातो, आणि काही सेकंदांत शिखर गाठणाऱ्या रॉकेटसाठी हा विलंब फार आहे. गुणांक ४ ला पाच वाचने पुरतात, म्हणून आकडे थोडे थरथरले तरी मी तोच पसंत करतो.

सेन्सरच्या कप्प्याला नळीच्या परिघावर समान अंतराने तीन-चार लहान छिद्रे असावीत, ती नाकाच्या शंकूपासून दूर असावीत आणि त्यांतून चिपवर थेट ऊन पडू नये, कारण प्रकाशानेही वाचन बिघडते.

खरेदीबाबत दोन सूचना. चिपची मर्यादा ३.६ व्होल्टची आहे आणि सहा पिनांच्या स्वस्त मॉड्यूलवर बहुधा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग) नसतो, त्यामुळे सेन्सर वाचणारा छोटा नियंत्रक बोर्ड निवडताना ५ व्होल्टच्या आर्डुइनो नॅनोला ते थेट न जोडता ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी घ्यावा. शिवाय हेच मॉड्यूल कधीकधी आर्द्रताही मोजणारे बीएमई२८० म्हणून जादा दराने विकले जाते. प्रोग्रामने वाचलेली चिपची ओळखसंख्या हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ५८ आली तर बीएमपी, ६० आली तर बीएमई. रॉकेटला आर्द्रतेशी काही कर्तव्य नसल्याने बीएमपीच मागावे आणि त्याचेच पैसे द्यावेत.